हळद लावलेला माठ

फार पूर्वी, तांब्याच्या खाणींवर पोसलेल्या एका नगरात राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आले होते.

खाणीखालच्या वस्तीत एक विहीर होती. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. म्हणून तर लोक पीत राहिले. तळहातांवर काळे ठिपके उठायचे, मग कातडी फुटायची, मग माणूस झिजून मरायचा. कपिला नावाच्या बाईचा नवरा आणि थोरला मुलगा असेच गेले. उरली होती एकटी सोणा, तिची लेक.

राजाने बोधिसत्त्वांना राजवैद्य व्हायला बोलावलं. त्यांनी नकार कळवला आणि ते वस्तीत येऊन राहिले. बुडाला भोक पाडलेल्या माठात त्यांनी गंजलेल्या लोखंडाचा चुरा, कोळसा आणि विटांचे तुकडे भरले. विहिरीचं पाणी त्यातून झिरपून खालच्या माठात पडेल, तेवढंच प्यायचं. हळूहळू सोणाच्या हातांवरचे ठिपके पुसट झाले.

निघताना ते कपिलेला म्हणाले, "बाई, विष या भरणाला चिकटून बसतं. त्याचं पोट भरलं की ते आणखी घेणार नाही. ऋतू पालटला की हे काढून लांब खड्ड्यात पुरायचं आणि नवं भरायचं. विसरू नका."

"पोरीचा जीव आहे, विसरेन कशी?" कपिला म्हणाली.

बोधिसत्त्व पुढच्या वस्त्यांकडे गेले.

कपिला विसरली नाही. तिने त्याहून वाईट केलं. तिने माठाला हळद लावली. शेजारणींनी फुलं आणली, मुखियाने वर छप्पर घातलं. ऋतू पालटला, पण ज्याने पोरं वाचवली त्याच्या पोटात हात घालायला कुणी धजेना.

वर्षाने बोधिसत्त्व परत आले. सोणा ओट्यावर निपचित पडली होती. तळहात काळे पडले होते.

"भरण बदललं?"

"देवाला उघडं करू होय?" कपिला म्हणाली. "रोज दिवा लावते. पोरीला तेच पाणी तीर्थ म्हणून पाजते. इतरांपेक्षा जास्तच पाजते."

बोधिसत्त्वांनी धोंडा उचलला आणि माठ फोडला.

"देव फोडला याने," म्हणत मुखियाने काठी घातली. मग सगळेच तुटून पडले. खापरांत पडल्या पडल्या बोधिसत्त्व कपिलेला म्हणाले, "मारायचं तर मारा, पण आधी विटा फोडायला घ्या. पोरीला पाणी लागेल."

कपिला विटा फोडायला बसली. नव्या माठातून पहिलं पाणी गळालं, तेव्हा ते प्यायला सोणा उरली नव्हती. बोधिसत्त्वांनीही डोळे मिटले होते.

त्यानंतर दर ऋतूला कपिला स्वतः भरण उपसून पुरत राहिली. कुणी फूल घेऊन आलं, की ती त्याच्या हातात कुदळ द्यायची.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या उपासकांना म्हणाले, "तो वैद्य मीच होतो. कपिला म्हणजे विहारातले माठ घासणारी ही वृद्ध भिक्षुणी, थेरी वसुला. आणि फुलं वाहून वैद्याचं न ऐकणारे ते तुम्ही. आजही माझ्या पायांशी फुलं ठेवून घरी निघालात."

ज्याने जीव वाचवला, तेही वेळ आली की टाकून द्यावं लागतं. हे कळणं म्हणजे प्रज्ञा. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी ती जीव देऊन पाळली.