नदीहरणाची किंमत

एका राज्यात लढाया रणात होत नसत, पटावर होत. दोन राजे समोरासमोर बसत, कवड्या टाकत आणि आपला मोहरा काय करतो ते तोंडाने सांगत. पटावर किल्ला पडला की डोंगरावरचाही पडे. घरी रचलेला मंत्र खेळात आणायची मुभा होती. अट एकच. मंत्र जेवढे देतो तेवढे म्हणणाऱ्याकडून घेतो की नाही, हे आधी तोलून घ्यायचे.

तराजू येसाक्का सांभाळी. कुंभाराची विधवा, अक्षरओळख नाही. तिची साळुंकी एका पारड्यावर बसून मंत्र म्हणे, मग दुसऱ्यावर बसून त्याची किंमत म्हणे. शब्द पारड्यात राहत. पारडी समान झाली तर येसाक्का शिक्का मारी.

तिच्या आधीच्या तोलाऱ्याने भीतीपोटी एका फुकट मंत्रावर शिक्का मारला होता. राजा रणकेतूने तो सात वेळा म्हटला आणि सात किल्ले जिंकले. दर विजयाला राज्यातली एक विहीर आटली. आता पाणी फक्त राजवाड्याच्या विहिरीत होते. बाया चार कोसांवरून, सीमेपलीकडून घागरी आणत.

तेव्हा मांत्रिक कालजिव्ह नवा मंत्र घेऊन आला. नाव नदीहरण. म्हटला की शेजारच्या राज्याची नदी इकडे वळणार.

"किंमत?" येसाक्काने विचारले.

"काही नाही."

साळुंकीने मंत्र म्हटला. पारडे धाडकन जमिनीला लागले.

"उचल तुझा मंत्र," येसाक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "म्हणणाऱ्याचा एक केस गळेल."

"नदीला एक केस? तुझ्या टकलाला विचार, परवडेल का." पारडे हलले नाही.

तिसऱ्या दिवशी तो हसत आला. "म्हणणाऱ्याचा उजवा हात जाईल. शंभर वर्षांनी."

"शंभर वर्षांनी हात कुणाला हवाय? नेणाऱ्यालाही नको." पारडे जमिनीलाच.

मग राजा स्वतः आला. मागे तलवारवाले.

"म्हातारे, राज्य तहानलंय. शिक्का मार."

"नाही, महाराज."

"हात तोडीन."

"तोडा. पारडं माझ्या हातानं वर जात नाही. नदीपलीकडंही माणसं पाणी पितात."

"कुंभारीण मला शिकवणार?"

"कच्चं मडकं ओळखायला राजा व्हावं लागत नाही."

राजा लाल झाला. "जुना मंत्र शिक्क्याचा आहे. त्यानेच किल्ले घेईन, नदीकाठचे घेईन!" त्याने तिथेच पट मांडायला लावला. बोलावणे गेले, शेजारचा राजा येऊन समोर बसला. रणकेतूने कवड्या टाकल्या, मंत्र म्हटला. आठवा किल्ला पडला.

"विजय!" कालजिव्ह ओरडला.

राजाने पाणी मागितले. दासीने राजवाड्याच्या विहिरीत घागर सोडली. घागर वर आली ती वाळूने भरलेली.

"एक विहीर गेली तर गेली, महाराज," कालजिव्ह म्हणाला. "किल्ला मिळाला."

राजाने वाळू मुठीत घेतली. मग त्याने विचारले, "येसाक्का, हे कोण नेतंय?"

"मंत्रच नेतोय. आपण किंमत सांगितली नाही, तर तो स्वतः ठरवतो. आणि ज्या घरात राजा राहत नाही, तिथून आधी वसूल करतो."

"मग आता सांग. खरी किंमत."

"आठ विजय पटावरून उचला. प्रत्येकाला सगळ्यांदेखत म्हणा, मी हरलो."

कालजिव्ह खेकसला, "राजा असं म्हणत नसतो!"

"मग तू म्हण," येसाक्का म्हणाली.

कालजिव्ह मागे सरला. त्याने एकही किल्ला जिंकला नव्हता.

राजाने पहिला मोहरा उचलला. "मी हरलो." वेशीबाहेरच्या विहिरीत पाणी आले. दुसरा, तिसरा. दर वेळी एकेक विहीर भरत गेली. सातव्याला त्याचा आवाज चिरकला. आठव्याला ओठ हलले, आवाज नाही.

"ऐकू आलं नाही," येसाक्का म्हणाली.

"हरलो!" रणकेतू ओरडला. "मी हरलो, म्हातारे!"

राजवाड्याची विहीर काठोकाठ भरली. मंत्राची वसुली थांबली. किल्ले ज्याचे त्याला गेले, मांत्रिक सीमेपार गेला.

शेजारच्या राजाने कवड्या गोळा केल्या आणि रणकेतूपुढे ठेवल्या. "पहिला डाव तुमचा," तो म्हणाला.

ही गोष्ट इतकीच. ज्याला पटली नाही, त्याने आपला मंत्र आणावा. तराजू तिथेच आहे.