तहानेचा सडा

पाव्हण्यांनो, इथं जपून पाय टाका, कातळ फार तापलाय. हा खळगा पाहिलात? या सड्यावर असे पुष्कळ खळगे आहेत. पाऊस सरला की त्यांत शेवाळ धरतं, माती बसते. हा तेवढा आतून पितळीसारखा गुळगुळीत. पाथरवटानं खोदलेला नाही. कुणी खोदला, तेच सांगतो.

या माळाला आम्ही तहानेचा सडा म्हणतो. खाली झाडीत कौलं दिसतात, ते आमचं पांगरखोल. मी तिथल्या देवीचा गुरव. माझ्या आजोबांनी मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

फार मागची गोष्ट. घाटाला रस्ता नव्हता. खाडीकाठचं मीठ बैलांवर लादून तांडे याच वाटेनं देशावर जायचे. चढणीआधीचं शेवटचं गाव आमचं. चैत्रात तांडा आला की बाया नाचणीची आंबील घेऊन अंगणात यायच्या. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी मडक्यात शिजवायचं, वर जिरं-लसूण आणि मीठ. ती प्याली की उन्हानं गळालेला माणूस उभा राहतो. तांडेवाले जाताना ओंजळभर मीठ ठेवून जायचे. दोघांचंही भागायचं.

एका वर्षी खाडीकडून पटकीच्या साथीची बातमी आली. गावचे गावकर होते रावजी. त्यांनी सांगितलं, परक्याला दार उघडायचं नाही, आणि विहिरीला काट्यांचं कुंपण घातलं. पुढं ऐन दुपारी तांडा आला. विहीर बंद पाहून ती माणसं दारोदार फिरली. एकही दार उघडलं नाही.

रावजींच्या दाराशी एक बाई उभी राहिली. आत त्यांची बायको भिवरा आंबील ढवळत होती. बाहेरून आवाज आला, "बाई, घोटभर दे. अंगणात ठेव, आम्ही लांब उभे राहतो."

भिवरानं वाडगा भरला. रावजी कडीवर हात ठेवून म्हणाले, "घरात लेक आहे."

एवढंच म्हणाले. भिवरानं वाडगा खाली ठेवला.

 बाहेरची बाई म्हणाली, "आतून वास येतोय गं आंबिलीचा." त्यानंतर आवाज आला नाही.

तांडा सडा चढला. पलीकडच्या टोकाला झरा आहे, या आशेवर चढला असेल. झरा त्या वर्षी आधीच आटला होता.

नंतर एका सकाळी बैल तेवढे उतरून आले. पाठीवर मिठाच्या गोण्या तशाच. ते एकेका दारासमोर जाऊन उभे राहिले आणि हलेनात. लोकांनी गोण्या उतरवल्या. मिठाला रोग लागत नाही, असं म्हणून घराघरांत वाटून घेतल्या. गोण्या उतरताच बैल वळले आणि परत सड्यावर गेले, म्हणे. दाव्यानं बांधले तर दावी तोडून गेले. त्यांच्यामागं वर जाऊन पाहायची छाती कुणाची झाली नाही.

मग गावाला तहान लागली.

आधी पोरांना लागली. आंबील प्यायची, पाणी प्यायची, तरी ओठ फुटलेले. भर दुपारी झाकलेल्या मडक्यातली आंबील आपोआप खाली जायची, आणि जवळ बसलं तर घोट घेतल्याचा आवाज यायचा. रावजींची लेक चंद्री आईला म्हणाली, "आई, माझ्या आधी कुणीतरी पितंय."

दिवसागणिक पोर वाळत गेली. एका दुपारी ती ग्लानीत पडली होती आणि भिवरा उशाशी बसली होती. पोरीचे ओठ हलले. आवाज तिचा नव्हता. "आतून वास येतोय गं आंबिलीचा."

ते शब्द त्या घरात दोघांनीच ऐकले होते, लेक तेव्हा झोपलेली. भिवरानं नवऱ्याकडं पाहिलं. रावजींनी मान खाली घातली.

भिवरा उठली. तिनं मोठं मडकं भरून आंबील शिजवली. मिठाकडं हात गेला आणि थबकला. हे मीठ कुणाचं, ते तिला तेव्हा उमगलं. तिनं चिमूटही घातलं नाही. त्यातली वाटीभर चंद्रीच्या उशाशी ठेवली, मडकं डोक्यावर घेतलं आणि दाराशी आली.

"कुठं निघालीस?" रावजी आडवे आले.

"तेव्हा दार उघडलं नाहीत. आता उघडा."

त्यांनी दार उघडलं. घरातली मिठाची गोणी खांद्यावर घेऊन ते तिच्यामागं आलेही. पण सड्याच्या कडेला त्यांचे पाय अडले, पुढं पडेनात. भिवरा एकटीच आली, इथवर.

इथं माणसं नव्हती, बैलही नव्हते. काठ्या पडल्या होत्या, फाटकी पागोटी पडली होती, आणि मधोमध हा खळगा. पाणी लागेल म्हणून त्यांनी बोटांनी कातळ खरवडला होता, असं सांगतात. भिवरानं त्यात आंबील ओतली.

"घ्या," ती म्हणाली. "उशीर केला मी. आता पोटभर घ्या."

वारा पडलेला. आंबील हलली आणि खाली गेली. तिनं पुन्हा ओतली, ती पुन्हा गेली. चहूकडून घोट घेतल्याचे आवाज येत होते. मडकं संपलं, खळगा कोरडा झाला, आणि एका कोरड्या हातानं तिचं मनगट धरलं.

"मागं अजून आहेत, बाई."

भिवरानं दुसऱ्या हातानं मडकं उपडं करून दाखवलं. मग ती म्हणाली, "मडकं रिकामं झालं. उद्या आणीन. माझ्यामागं माझी लेक आणील. चुलीत जाळ आहे तोवर गाव आणील."

हात सुटला. बोटांचे पांढरे वळ मात्र मरेपर्यंत गेले नाहीत, मीठ फुटल्यासारखे. ती घरी आली तेव्हा चंद्री उशाची वाटी पिऊन गाढ झोपली होती. ओठ ओले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं मीठ आणून इथं ठेवलं, आणि पुढच्या पावसानं ते नेलं.

चैत्रभर आमच्याकडं आंबील आधी अळणी शिजते. पहिला वाडगा इथं येतो, मग घरच्यांच्या वाट्याला मीठ. मुंबईला गेलेल्यांची घरं बंद आहेत, त्यांचा वाडगा शेजारी आणतात. कशाला उगाच, असं म्हणणारी पोरंही आहेत. पण आणतात.

आणि एक सांगून ठेवतो, खाली गेल्यावर नवल वाटायला नको. आजही पांगरखोलमध्ये दुपारी दार वाजलं तर आतून 'कोण?' म्हणून कुणी विचारत नाही. आधी दार उघडतं, भरलेला तांब्या बाहेर येतो, नाव-गाव नंतर. कधी कधी तांब्या रिकामा होतो आणि अंगणात कुणीच नसतं. तेव्हा घरची बाई दार लावत नाही. दुसरा तांब्या भरून आणते.