खाडीची ओटी

त्या राज्यात खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येत असे, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. वाटायचं ते बदकांचं. बदकं लांबून यायची, त्यांना उतरायला खोल पाणी लागायचं, आणि ती उतरली की घरोघरी चार घास जास्त शिजायचे.

पहिलं बदक उतरलं तेव्हा एका म्हाताऱ्या कासवीने कृतज्ञतेने खाडीची ओटी भरली. नारळ नव्हता, तांदूळ नव्हते, चिखल मात्र मुबलक होता. तिने ओंजळभर चिखल पाण्यात सोडला आणि हात जोडले. तेव्हापासून रीतच पडली. नवा धंदा आला की घरटी एक ओंजळ.

आधी मिठाचा धंदा आला. ओटी भरली. मग सुगरणी आल्या, किनाऱ्यावर लाकडी मांडव घालून शेकड्यांनी विणायला बसल्या, आणि बदकं ते विणकाम देशोदेशी नेऊ लागली. टिटवी दिवसातून तीनदा ओरडून पाळी बदलायची. तिच्या ओरडण्यावर पिल्लं उठायची, चुली पेटायच्या, भांडणं मिटायची. त्याही वर्षी ओटी भरली, आणि आता घरं इतकी झाली होती की ओंजळी टाकायला रांग लागली.

राज्याचा कारभार बगळेराव पाहत. ते एका पायावर उभे असत, त्यामुळे कायम काहीतरी गहन विचार चालू आहे असं वाटे. सभा ओहोटीला, उघड्या चिखलावर भरे. नियम सोपा होता. विरोध असेल त्याने बोलावं. तोंड मिटलेलं असेल तर होकार.

आता अडचण अशी, की ओहोटीलाच निवट्या कामात असत. निवटी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारी बोटभर मासळी. ती बिळाच्या छताला अंडी चिकटवते आणि पाणी ओसरलं की तोंडात हवा भरभरून त्यांच्यासाठी आत नेते. सभेवरून जाताना प्रत्येक निवटीचे गाल फुगलेले असत. त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर होत. सभा भरतीला घ्या, असं सुचवायला हरकत नव्हती. फक्त ते सभेत सुचवावं लागे.

पुढे पलीकडच्या खाडीत अर्ध्या दाण्यावर विणणाऱ्या सुगरणी मिळाल्या, आणि बदकं तिकडे वळली. अर्ध्या दाण्यावर विणणार नाही म्हणत इकडच्या सुगरणी काम सोडून मांडवाखाली बसल्या. एक हंगाम बसल्या, दुसराही बसल्या. एका सकाळी टिटवी ओरडलीच नाही. हे आधी आयांना कळलं, कारण पिल्लं उन्हं वर आली तरी झोपून होती.

बगळेरावांनी मांडव मोडून तिथे उंच उंच ढिगारे उभे केले. ढिगाऱ्यांवर गुलाबी रोहित पक्षी राहायला आले. वरून पाणी फार छान दिसतं, एवढाच नवा धंदा होता. त्याचीही ओटी भरली. पाणी छान दिसत होतं खरं. थोडं लांब दिसत होतं, इतकंच.

याच सुमारास एका निवटीची पहिली अंडी भरत आली होती. निवटीच्या अंड्यांचं असं असतं, की नेमक्या दिवशी भरतीचं पाणी बिळात शिरावं लागतं. पाणी लागलं की अंडी फुटतात. नाही लागलं, तर आतली पिल्लं आतच वाळतात. हे तिला आईने सांगितलं होतं, आणि ती दिवसातून दहादा नव्याने घाबरत होती. तो दिवस आला. पाणी बिळापासून चाळीस उड्यांवरच थांबलं.

ती शेजारच्या कुर्लीकाकूकडे गेली.

"काकू, पाणी आलं नाही."

"येईल गं. पहिलटकरीण ना तू, म्हणून जीव खालीवर होतोय. आम्ही एवढा विचार केला असता तर अंडीच घातली नसती."

"मागच्या पुनवेला त्या खडकाच्या वर होतं."

"मग खडक सरकला असेल." कुर्लीकाकू नांगीने चिखल मळत होती. त्यावर तिने हळद चोळली होती. "आज सभेला ये बाई. आणि गुळणी धरून बसू नकोस नेहमीसारखी. तुम्ही निवट्या बोलत नाही आणि मग रडता."

निवटीला वाटलं, बीळच चुकीच्या जागी खणलं असेल. बाकीच्या आयांना ठाऊक असणार, आपल्यालाच विचारायचं सुचलं नाही. मग तिने विचार करणं सोडलं आणि ती पाणी आणायला निघाली. बिळाशेजारच्या डबक्यातलं पाणी साचलेलं होतं, अंड्यांना भरतीचंच लागे. चाळीस उड्या जायच्या, चाळीस उड्या यायच्या, आणि प्रत्येक खेपेला तोंडभर पाणी. अर्धं वाटेतच ओघळायचं.

सभा भरली ती तिच्या बिळापाशीच, कारण शेजारचं ते डबकं हेच आता शेवटचं खोल पाणी उरलं होतं. बगळेराव म्हणाले, "या राज्याला बंदराचा थोर इतिहास आहे. तो पुढच्या पिढ्यांना कळावा म्हणून बंदराचं स्मारक बांधायचं ठरलं आहे. पाया याच पाण्यात घ्यावा लागेल. ओटी आणलीच आहे सगळ्यांनी."

निवटीने शेवटची खेप बिळात ओतली. अंडी फुटली. केसाएवढी पिल्लं वळवळत बिळाबाहेर आली आणि डबक्याच्या काठावर पसरली. तिने ती पाहिली, मग रांग पाहिली, आणि आयुष्यात प्रथमच सभेत तिचं तोंड रिकामं होतं.

"कुणाचा विरोध?" बगळेरावांनी विचारलं.

निवटीने तोंड उघडलं.

इतक्या पायांच्या धपधपीने पिल्लं बिथरली. त्यांना लपायला जवळच एक अंधारी, ओली, ओळखीच्या वासाची जागा दिसली. क्षणात सगळी तिच्या तोंडात शिरली. एकालाही दात लागू नये अशा बेताने तिने तोंड मिटलं.

"एकमताने मंजूर," बगळेराव म्हणाले आणि पाय बदलला.

"सांभाळून गं, बाळंतीण आहे. तिच्या अंगावर उडवू नका," कुर्लीकाकूने मागच्यांना बजावलं, आणि पहिली ओंजळ पाण्यात अगदी अलगद सोडली. काठावर निवटी ताठ उभी होती. तिचे गाल आतून हलत होते.