कडेचं रोप

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, आणि रानंही होती.

अशाच एका राजाने परमुलखातून एक फुलझुडूप आणून बागेत लावलं. फुलं सुरेख, लालपिवळी. पण पाखरांनी त्याची फळं खाल्ली आणि बी रानात नेलं. चार वर्षांत वाटेकडेला काटेरी जाळी माजली. तिच्याखाली गवतही उगवेना.

त्या रानात, खालच्या दरीतले कंद खणून जगणारे लोक राहत. रान राखायचं कामही त्यांचंच. त्यांची म्होरकी असलेली म्हातारी राजाकडे आली.

"राजा, दाटीला आत्ता हात लावू नको. कडेला जिथं एखाददुसरं रोप उगवलंय, तिथनं सुरवात करायची. फळ धरायच्या आधी, मुळासकट उपटायचं. चांगलं रान राखत राखत दाटीकडं सरकायचं. आमची चाळीस माणसं हाईत. तीन पावसाळे दे. दरीतला कंद गेला तर आमी खायाचं काय?"

राजा हसला. "आजी, तीन पावसाळे? माझे पाहुणे येत्या पौर्णिमेला याच वाटेने येणार आहेत!"

त्याने सैनिक धाडले. सैनिक बिचारे शूर, पण त्यांना कापणंच ठाऊक. फळांनी लगडलेली जाळी त्यांनी सपासप कापली, गाड्यांत भरली आणि रानातून नेऊन दरीत ओतली. म्हातारीचं बोलणं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मोकळी वाट पाहून पाहुण्यांनी वाहवा केली. मग पाऊस पडला. कापलेल्या बुंध्यांना दहा-दहा फांद्या फुटल्या, आणि गाड्या गेल्या त्या वाटेने पार दरीपर्यंत नवी जाळी उगवली.

त्यानंतर चौथ्या वर्षी राजा म्हातारीच्या झोपडीपाशी आला. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

"आजी, चुकलो. आता तुमच्या रीतीने करा. हवी तितकी वर्षं घ्या."

म्हातारी दारात एकटीच बसली होती. "वर्षं दिलीस रे बाबा, पण माणसं कुठनं आणू? कंद संपला. पोटामागं सगळी निघून गेली."

राजाची मान खाली गेली. झोपडीच्या कडेला एक रोप उगवलं होतं, ते त्याने उपटलं. शेंडा हातात आला, मूळ जमिनीतच राहिलं.

"तुटलं," म्हातारी म्हणाली. "परत येईल त्ये."

तिने आपली कंद खणायची काठी त्याच्या हातात दिली. राजा मरेपर्यंत खणत राहिला. दरी काही मोकळी झाली नाही.

म्हणून सांगतो: ज्यांचं रान, त्यांचं आधी ऐकावं; मागून विचारलं तर उत्तर मिळतं, हात मिळत नाहीत.