चिवी बसली पेपरमिंटवर

एक होती कॅनरी. एवढीशी, पिवळीधमक. तिचं नाव चिवी. नानूकाकांनी हौसेनं पाळलेली.

चिवी रोज एक अंडं घालायची. काका ते हळूच उचलायचे आणि कापसाच्या डबीत ठेवायचे. घरट्यात ठेवायचे खोटं अंडं. का बरं? सगळी पिल्लं एकाच दिवशी निघावीत म्हणून! नाहीतर मोठं पिल्लू छोट्याचा खाऊ मटकावतं.

चार दिवस झाले. चार अंडी झाली. काकांनी खोटी अंडी काढली, खरी ठेवली. चिवी ऐटीत बसली.

टुक्क!

"अगंबाई! गारेगार! आणि या मुंग्या कुठून आल्या?"

अंडी कुठली? त्या होत्या पेपरमिंटच्या गोळ्या! काकांनी चष्मा लावलाच नव्हता, म्हणून उघडली शेजारची गोळ्यांची डबी. पिंजऱ्याचं दारही उघडंच. आता गोळीतून पिल्लू निघतं का? सांगा बरं!

चिवी निघाली. भुर्र भुर्र!

"काका काका, माझी अंडी द्या ना. त्यांना ऊब हवी."

"कशी देऊ? अंडं कोणतं, गोळी कोणती? मला दिसतच नाही. चष्मा नाकावर येईल, मग मी अंडी देईन."

चिवी निघाली. भुर्र भुर्र!

"चष्म्या चष्म्या, हल ना. काका अंडी देईनात."

"कसा हलू? बोकोबा माझ्यावर बसलाय. बोकोबा उठेल, मग मी हलेन."

चिवी निघाली. भुर्र भुर्र!

"बोकोबा बोकोबा, ऊठ ना. चष्मा हलेना, काका अंडी देईनात."

"कशाला उठू? काकू दूध देतील, मग मी उठेन."

चिवी निघाली. भुर्र भुर्र!

"काकू काकू, दूध द्या ना. बोकोबा उठेना, चष्मा हलेना, काका अंडी देईनात."

"कसं देऊ गं बाई? गाणं ऐकल्याशिवाय माझा हातच चालत नाही. पिवळोबा गाईल, मग मी दूध देईन."

पिवळोबा म्हणजे चिवीचा नवरा. काय गायचा! चिवी निघाली. भुर्र भुर्र!

"अहो पिवळोबा, गा ना. काकू दूध देईनात, बोकोबा उठेना, चष्मा हलेना, काका अंडी देईनात."

"नाही गाणार जा! मी रुसलोय."

"का?"

"विसरलो."

चिवी चिडली. लालेलाल नाही झाली, पिवळीच राहिली. पण चिडली! म्हणाली, "मग मीच गाते."

चिवीला गाता येतं का? छे!

"चर्रर्र! खर्रर्र! फुस्स!"

"बास बास!" पिवळोबानं कान झाकले. "असं नसतं गं. असं असतं!"

पिवळोबा गायला, टुई टुई टुर्रर्र!

काकूंनी दूध दिलं, डुब डुब डुब!

बोकोबा उठला, धप्प!

चष्मा हलला, टुणुक टुणुक, आणि बसला काकांच्या नाकावर!

काकांनी डबी उघडली. "अरेच्चा! अंडी तर इथंच!" एक, दोन, तीन, चार. हळूच घरट्यात ठेवली. चिवी बसली. हुश्श! कित्ती बरं वाटलं तिला!

काका आले डोकवायला. "चिवे, ऊठ बघू जरा. नीट ठेवली ना मी?"

चिवीनं पंख पसरले.

"कशी उठू? पिल्लं निघतील, मग मी उठेन!"