आरशातले आभाळ

एकदा एका डोंगरावरच्या वनाची मोजणी निघाली आणि त्या मोजणीपायी एका शिष्याने थेट आपल्या गुरूशीच भांडण मांडले.

वन जुने होते. त्याच्या पोटातून एक झरा निघे आणि पायथ्याचे गाव त्या झऱ्यावर जगे. शिष्य त्याच गावचा. लाकडाच्या एका व्यापाऱ्याने राजाकडे तक्रार नेली, की हे वन आता विरळ झाले आहे, ते तोडू द्यावे. राज्याचा नियमच तसा होता: ज्या वनात पानांपेक्षा आभाळ अधिक दिसते, ते तोडावे आणि नवे लावावे. राजाने निवाडा गुरूंवर सोपवला, कारण झाडांचे माथे मोजण्याचा आरसा त्यांनीच घडवला होता.

आरसा साधाच. तळहाताएवढा, फुगीर, त्यावर चौकटी कोरलेल्या. तो पोटाशी आडवा धरायचा आणि मान खाली घालून पाहायचे. डोक्यावरचा सगळा झाडोरा त्यात उतरतो. किती चौकटींत पाने आणि किती चौकटींत आभाळ, एवढेच सांगायचे.

व्यापाऱ्याने आरसा घेतला, वनात हिंडून आला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुमहाराज, आभाळच आभाळ! सांगताना माझाच जीव तुटतो आहे."

काय हा साळसूदपणा! जिथे जिथे एखादे जुने झाड उन्मळून जागा मोकळी झाली होती, नेमका तिथे तिथे हा गृहस्थ उभा राहिला होता. शिष्याने ते झुडपाआडून पाहिले होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आरसा हिसकावून घेतला, तरातरा वनात शिरला आणि दाट ऐनांखाली, जांभळींखाली उभा राहून मोजून आला.

"पानेच पाने!" तो धापा टाकत म्हणाला.

"कुठे उभा राहिलास?" गुरूंनी विचारले.

"जिथे झाडे होती तिथे!"

"मग दोन्ही मोजण्या रद्द."

शिष्य उसळला. "रद्द? हा माणूस आमचा झरा आटवायला निघाला आहे आणि तुम्ही मला त्याच्याच पंगतीला बसवता? उद्या माझ्या आईने पाणी कुठून आणायचे, तेही सांगा!"

गुरूंनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि सर्वांदेखत शिष्याच्या डोळ्यांवर करकचून बांधले. गावकरी चपापले. व्यापारी मिशीतल्या मिशीत हसला.

मग गुरूंनी वनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दोर ताणायला लावला. शिष्याने बांधल्या डोळ्यांनी दोर धरून चालायचे. गुरू वनाबाहेर झाडांकडे पाठ करून बसणार आणि मनाला येईल तेव्हा घंटा वाजवणार. घंटा झाली की जागेवर थांबायचे, उपरणे सोडून आरशात पाहायचे, पुन्हा बांधायचे. पाने अधिक असली तर टोपलीत एक पान टाकायचे, आभाळ अधिक असले तर खडा. टोपली व्यापाऱ्याच्या हाती, पान-खडा टाकणाराही तोच, म्हणजे शिष्याने लबाडी केली तर त्याने तिथल्या तिथे पकडावी.

शिष्य दोर धरून रागारागानेच चालू लागला. शेवटची घंटा झाली तेव्हा तो नेमका एका मोकळ्या जागेत होता. आरशात नुसते निळे आभाळ. एक पाऊल मागे सरकला असता, तर जांभळीची फांदी चौकटींत आली असती. व्यापारी तर काटेरी झुडपात अडकलेले धोतर सोडवण्यात गुंतला होता. शिष्याचे डोळे भरून आले.

"आभाळ," तो म्हणाला. "टाका खडा, शेटजी."

टोपली गुरूंपुढे उपडी केली, तेव्हा पानांच्या ढिगात खडे शोधावे लागले. टोपली स्वतःच भरल्यामुळे व्यापाऱ्याला तोंड उघडायला जागा उरली नाही. तो पाय आपटत निघून गेला.

मग गुरू म्हणाले, "त्याचा कावा मलाही कळला होता, आणि राग मलाही तुझ्याइतकाच आला होता. पण ज्या लबाडीचा तुला संताप आला, तीच तू वनाच्या बाजूने केलीस! अरे, वन आपल्या बळावर दाट होते. तुझी मोजणी मी मानली असती, तर उद्या त्याने राजासमोर तुझ्या जागा दाखवून तुला खोटे पाडले असते, आणि तुझ्याबरोबर हे खरे वनही खोटे पडले असते. आरसा दिसते ते दाखवतो. उभे कुठे राहायचे ते मात्र आपण ठरवतो. म्हणून तुझे डोळे बांधले."

शिष्याने विचारले, "आणि खडेच अधिक निघाले असते तर?"

"तर मी दरबारात जाऊन त्या नियमाशी भांडलो असतो. आरशाशी नाही."

शिष्याने घामाने भिजलेले ते उपरणे झऱ्यावर नेऊन धुतले. वाळल्यावर घडी घातली आणि गुरूंना परत न देता आरशाच्या पेटीत ठेवली. गुरूंनीही ते मागितले नाही.