चार डिस्कांचा दुभाष्या

संगणकांच्या जगात ज्याला युगं लोटली म्हणतात, त्या काळातली ही गोष्ट. एका रुग्णालयाच्या संगणकात चार डिस्क राहत होत्या. रुग्णांची माहिती त्या आपसांत अशी वाटून घेत, की एक आजारी पडली तरी उरलेल्या तिघी तिचं काम निभावतील. त्यांचा मुकादम होता कंट्रोलर. त्याची भाषा फक्त ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला येई. तोच मुकादमाचे निरोप सगळा संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम राणीला पोचवी.

एकदा ड्रायव्हर धावत आला. "राणीसाहेब, तिसरी डिस्क बंद पडली!"

राणी हसली. "तिसरी? अरे, मला तर एकच मोठी डिस्क दिसते, आणि मागेन ते देते. झोपेतून उठलास का?"

"चौघी एकदिलाने राबतात, म्हणून एक दिसतात. आत्ता तिघीच ओझं वाहताहेत. आणखी एक पडली, तर रुग्णांची सगळी माहिती जाईल."

"पुन्हा कटकट केलीस तर हाकलून देईन!"

"खुशाल हाकला. पण मी गेलो, की तुम्हाला ती एकसुद्धा दिसणार नाही."

राणी चपापली. तिने धोक्याची घंटा वाजवली. संगणकाची देखभाल करणाऱ्या वृंदाताई आल्या आणि त्यांनी नवी डिस्क बसवली. तिघींनी आपापल्याजवळचं जुळवून नवीला तिचा वाटा भरून दिला. एकाही रुग्णाचं नाव हरवलं नाही.

"दमल्या असतील ना रे?" राणीने हळूच विचारलं.

ड्रायव्हर विचारून आला आणि ताठ मानेने म्हणाला, "दमल्यात. पण म्हणतात, आता आम्हाला पुन्हा एकच समजलात तरी चालेल."